जलविद्युत धरणाच्या जलाशयावर आणि खालच्या नदीत फिरायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज बनवणाऱ्या धरणांच्या पाण्यावर पोहायला, होडी वल्हवायला, गळ टाकायला किंवा काठावर तंबू ठोकायला जाणाऱ्यांसाठी ही उत्तरं आहेत. इथलं पाणी विजेच्या मागणीप्रमाणे हलतं, आणि खालच्या बहुतेक उत्तरांचं मूळ तिथेच आहे.

साधा तलाव आणि जलविद्युत जलाशय यांत नेमका फरक काय?

नैसर्गिक तलावाची पातळी ऋतूबरोबर सावकाश चढते-उतरते आणि काठ वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. जलाशयाला मात्र ठरवून दिलेल्या दोन रेषा असतात. वरची पूर्ण संचय पातळी. खालची, जिच्याखाली पाणी गेलं की वीजगृहाला पाणी घेता येत नाही. या दोन रेषांमधलं पाणी वापरण्यासाठीच अडवलेलं असतं, त्यामुळे ते वर-खाली होणारच. चीनमधल्या थ्री गॉर्जेस धरणात या रेषा समुद्रसपाटीपासून १७५ आणि १४५ मीटरवर आहेत. म्हणजे वर्षाकाठी ३० मीटरचा चढउतार, जवळपास दहा मजली इमारतीएवढा.

काठावरच्या माणसाला हा चढउतार आडवा दिसतो. काठाचा उतार पाच अंशांचा असेल तर पातळी एक मीटर उतरल्यावर पाणी साधारण साडेअकरा मीटर मागे हटतं. मागच्या वेळी जिथे पाय टेकवून पोहलात तिथे आज चिखल असेल, किंवा तिथेच दोन पुरुष पाणी असेल. जुन्या अनुभवावर इथे विसंबता येत नाही.

प्रकल्पाचा प्रकारही विचारून घ्या. मोठ्या साठ्याच्या धरणात पातळी आठवड्या-महिन्यांत बदलते. वाहत्या नदीवरच्या, लहान साठ्याच्या प्रकल्पात ती एका दिवसात दोनदा बदलू शकते. उदंचन प्रकल्पाची, म्हणजे खालचं पाणी पुन्हा वर चढवणाऱ्या प्रकल्पाची, गोष्ट निराळी आहे, ती पुढे येईल.

निघण्यापूर्वी काय तपासायचं?

आजची पाणीपातळी मीटरमध्ये, आजचा आणि उद्याचा विसर्ग (धरणातून सोडलं जाणारं पाणी), आणि वाऱ्याचा अंदाज.

पातळीचा आकडा टक्क्यांत दिला असेल तर जपून वाचा. ‘५० टक्के साठा’ म्हणजे निम्मी खोली नव्हे. दरी वर रुंद आणि तळाशी चिंचोळी असल्यामुळे बहुतेक पाणी वरच्या थरातच मावतं. साठा निम्मा झाला तरी पाण्याची उंची जेमतेम पाचव्या भागाने उतरलेली असू शकते. उलटंही खरं: साठा कमी राहिला की तेवढंच पाणी काढल्यावर पातळी भराभर उतरते.

विसर्ग कधी घनमीटर प्रतिसेकंदात देतात, कधी क्युसेकमध्ये, म्हणजे घनफूट प्रतिसेकंदात. १ घनमीटर प्रतिसेकंद म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. ही गल्लत झाली तर अंदाज पस्तीस पटींनी चुकतो. आकड्याबरोबर वेळही पाहा. विजेची मागणी बहुतेक ठिकाणी सकाळी आणि संध्याकाळी वाढते, सुट्टीच्या दिवशी कमी असते. रविवारी सकाळी घोट्याएवढी दिसणारी नदी सोमवारी त्याच वेळेला छातीएवढी असू शकते.

धरणाखाली नदी अगदी शांत आहे. मधल्या खडकावर जाऊन बसलं तर काय होतं?

धरणाखालचे बहुतेक बळी याच प्रश्नात आहेत, म्हणून उत्तर थोडं लांब.

जलविद्युत जनित्राची खुबी म्हणजे ते चटकन सुरू होतं. कोळशाच्या केंद्राला तास लागतात, इथे काही मिनिटांत पूर्ण भार घेता येतो. म्हणून अचानक वाढलेली मागणी भागवण्याचं काम या केंद्रांकडेच येतं, आणि तेवढ्याच अचानक पाणी खाली येतं. उलट प्रकारही घडतो: मागणी घटली, जनित्रं थांबवली आणि धरण आधीच भरलेलं असेल, तर येणारं पाणी दरवाजांतून सोडावं लागतं. आकाश निरभ्र असतं, कुठे पाऊस नसतो, आणि नदी वाढते. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी लारजी जलविद्युत धरणातून सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. उतरले तेव्हा पात्रातले खडक उघडे होते.

पाणी भिंतीसारखं अंगावर येईल अशी कल्पना असेल तर ती काढून टाका. बहुतेकदा ते मुकाट्याने चढतं. खडकाच्या पायथ्याशी ओलीची रेघ असते, तिच्या वर पाणी येतं. काठावर पडून वाळलेली पानं, काटक्या, फेस तरंगत जाऊ लागतात, कारण पाण्याने नवा काठ गाठलेला असतो. नितळ पाण्याला गढूळ झाक येते. खळखळाट आधी वाढतो आणि मग अचानक कमी होतो, कारण आवाज करणारे दगडच बुडालेले असतात. या शांततेने लोक फसतात.

एक सोपी सवय लावून घ्या. पात्राजवळ पोचल्याबरोबर पाण्याच्या कडेला, अगदी पाणी शिवेल अशा जागी, ओळखू येईल असा एक दगड ठेवा आणि दर पाच-दहा मिनिटांनी त्याकडे बघा. दगडाभोवती पाणी आलं की सामान आवरत बसू नका, लगेच काठ चढा. पात्राच्या कडेने खाली पळायचं नाही, उताराला काटकोनात वर जायचं. मधल्या खडकावर असाल आणि मधली धार गुडघ्याखाली असेल तर त्याच क्षणी ओलांडा. ती गुडघ्यावर आली असेल आणि वेग असेल तर ओलांडू नका. सर्वांत उंच जागी थांबा आणि मदत मागा. गुडघाभर वेगवान पाणी धडधाकट माणसालाही पाडतं.

सर्वांत बरं म्हणजे, मधल्या खडकावर जायचंच नाही.

भोंगा वाजला की किती वेळ मिळतो?

धरणापासूनच्या अंतरावर आणि पात्राच्या उतारावर अवलंबून आहे. वाढलेलं पाणी साधारण ताशी पाच ते आठ किलोमीटर वेगाने खाली सरकतं असं धरलं तर दहा किलोमीटरवर ते सव्वा ते दोन तासांनी पोचेल. चिंचोळ्या, तीव्र उताराच्या घळीत त्याहून लवकर. पण दहा किलोमीटरवर भोंगा ऐकूच येत नाही, आणि धरणाला लागून असलेल्या डोहात ऐकू येतो तेव्हा हातात मिनिटंच असतात. धबधब्याच्या किंवा खळाळाच्या शेजारी तर जवळचा भोंगाही बुडून जातो. भोंगा ही शेवटची सूचना समजा.

सांडव्याचे दरवाजे बंद दिसताहेत. मग पाणी सोडलेलं नाही ना?

तसं मुळीच नाही. वीज बनवून झालेलं पाणी सांडव्यावरून येत नाही, ते ‘अवजल’ म्हणून वीजगृहातून वेगळ्या कालव्याने, बरेचदा पाण्याच्या पातळीखालूनच, नदीत येतं. त्याला ना फेस, ना गर्जना.

आणि वीजगृह धरणाशीच असेल असंही नाही. कोयना धरण पूर्वेकडे वाहणाऱ्या कोयना नदीवर आहे, पण वीजनिर्मितीचं बहुतांश पाणी सह्याद्री पोखरून काढलेल्या बोगद्यांतून पश्चिमेला उतरतं आणि अवजल वाशिष्ठी नदीला मिळतं. अशा प्रकल्पात धरणापासून कोसो दूर, दुसऱ्याच खोऱ्यातली नदी दिवसातून वर-खाली होत असते. म्हणून ‘इथून धरण दिसत नाही’ यावरून काहीच ठरत नाही. नकाशात वीजगृह आणि अवजल कुठे मिळतं ते शोधा.

धरणाच्या भिंतीजवळ होडी किती जवळ नेता येते?

तरंगत्या बोयांची साखळी बांधलेली असेल तर तिच्या अलीकडेच राहायचं, वल्हंही पलीकडे टाकायचं नाही. साखळी नसेल तर भिंत, सांडवा आणि वीजगृहाला पाणी घेणारं तोंड या तिन्हींपासून निदान काही शे मीटर दूर.

कारण समजलं तर नियम पाळायला जड जात नाही. पाणी घेण्याचं तोंड बहुधा पृष्ठभागाखाली खोल असतं. वर पाणी आरशासारखं असतं आणि खाली तोंडावरच्या जाळीकडे सेकंदाला कित्येक घनमीटर पाणी ओढलं जात असतं. माणूस जाळीवर गेला तर पाण्याचा दाब त्याला तिथेच चिकटवून ठेवतो. स्वतःच्या ताकदीने सुटका होत नाही. सांडव्याचं उलटं आहे. दरवाजा उघडला की पृष्ठभागाचंच पाणी तिकडे धावतं आणि बंद पडलेल्या इंजिनाची होडी त्याबरोबर जाते. दरवाजे दूरच्या नियंत्रण कक्षातून हलवले जात असतील तर तुम्ही खाली आहात हे तिथे कुणाला दिसेलच असं नाही.

खालच्या अंगाला एक बुटका बंधारा आहे, मीटरभर उंच. त्यावरून कयाक घसरवली तर?

नको. बुटके बंधारे मोठ्या धरणांपेक्षा फसवे असतात. काठोकाठ सांडणारं पाणी पायथ्याशी खाली घुसतं, थोड्या अंतरावर उकळी आल्यासारखं वर येतं, आणि त्यातला पृष्ठभागाचा भाग परत बंधाऱ्याकडे वाहतो. तिथे सापडलेली वस्तू पुन्हा पुन्हा खाली ओढली जाते. ओंडके तासन्‌तास एकाच जागी गरगरताना दिसतात ते यामुळेच. फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने लाईफ जॅकेटही नेहमीएवढं उचलत नाही. वरून येताना बंधारा दिसतही नाही, नदीला एक सरळ आडवी रेघ मारल्यासारखी वाटते. ती रेघ दिसली की काठाला लागा आणि कयाक उचलून खाली न्या.

जलाशयात पोहता येतं का?

परवानगी असलेल्या, खुणा लावलेल्या जागी येतं, आणि छान येतं: मोठं पाणी, बहुतेक दिवस संथ, प्रवाह नगण्य. पण काही गोष्टी नदी-तलावात पोहणाऱ्यांना अपेक्षित नसतात. जलाशयाचा काठ म्हणजे बुडालेल्या डोंगराचा उतार. चार पावलं कमरेएवढं आणि पाचव्या पावलाला तळ नाही, असं होतं. तळाला जुनी बांधावळ, कुंपणाच्या तारा, झाडांचे बुंधे, कधी अख्खी गावठाणं असतात. म्हणून सूर कधीच मारायचा नाही. मागच्या महिन्यात तिथेच मारला होता हे कारण तर अजिबात चालत नाही. तेव्हा त्या बुंध्यावर सहा मीटर पाणी होतं, आज दीड असेल.

भर उन्हाळ्यात धरणाखालचं पाणी एवढं गार कसं?

खोल जलाशयात उन्हाळ्यात पाण्याचे थर पडतात. वरचं काही मीटर पाणी उन्हाने तापतं, हलकं होतं आणि वरच राहतं. त्याखाली एका पातळ पट्ट्यात तापमान झपाट्याने उतरतं, आणि तळाचं पाणी हिवाळ्यातला गारठा धरून असतं. वीजगृह या तळच्या पाण्यातून घेत असेल तर खालची नदी बाराही महिने थंड. अमेरिकेतली कोलोरॅडो नदी पूर्वी उन्हाळ्यात २५ अंश सेल्सियसच्या वर जायची. १९६३ साली ग्लेन कॅनियन धरणात पाणी अडवायला सुरुवात झाल्यावर पुढची कित्येक दशकं धरणाखाली ती १० अंशांच्या आसपास राहिली. अलीकडे साठा खूप उतरला तेव्हा पाणी घेणारी तोंडं वरच्या ऊन थराजवळ आली, खालची नदी गरम झाली आणि जलाशयातले स्मॉलमाउथ बास मासे पलीकडे उतरून २०२२ मध्ये तिथे वीण घालताना आढळले. पातळीचा आकडा तापमानही सांगतो, तो असा.

हवा ३५ अंश आणि पाणी १० अंश असताना उडी मारली की पहिला धोका श्वासाचा असतो. नकळत मोठा श्वास ओढला जातो, धाप लागते, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तेवढ्यातच पाणी फुफ्फुसात जातं. हे एक ते तीन मिनिटांत ओसरतं, तोवर फक्त तरंगत राहा. त्यानंतर साधारण दहा मिनिटं हातपाय नीट चालतात; काठाला यायचं ते या दहा मिनिटांत. शरीराचं तापमान घातक पातळीला उतरायला त्यानंतर बराच वेळ लागतो, पण हातांची बोटं वळेनाशी झालेला माणूस त्याआधीच बुडतो. पाण्यात शिरायचं ते हळूहळू, आधी मान आणि तोंड ओलं करून.

लाईफ जॅकेट कोणतं?

पोहता येणाऱ्याने, काठाजवळ, मदत हाताशी असताना: ५० न्यूटन (जॅकेटच्या तरंगवण्याच्या जोराचं माप). पोहता न येणाऱ्यांना आणि लहान मुलांना मोकळ्या जलाशयावर: निदान १०० न्यूटन, मानेमागे आधार असलेलं. धरणाखालच्या वेगवान पाण्यात हवा भरून फुगणारं जॅकेट वापरू नका, खडकावर फाटतं. पट्टे आवळल्यावर दोन्ही खांदे धरून कुणाला तरी वर ओढायला सांगा. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते सैल आहे. मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधला पट्टा हवाच.

होडी उतरवण्याच्या उतरंडीबाबत काय बघायचं?

उतरंडीचा शेवट कोणत्या पातळीपर्यंत आहे ते बघा. तो आकडा बहुतेक ठिकाणी फलकावर किंवा व्यवस्थापनाच्या माहितीत असतो. आजची पातळी त्याच्या अगदी जवळ असेल तर ट्रेलरची मागची चाकं काँक्रीट संपल्यावर खाली पडतात आणि गाडी अडकते. अमेरिकेतल्या हूवर धरणाच्या लेक मीड जलाशयाची पातळी जुलै २०२२ मध्ये सुमारे ३१७ मीटरवर आली, १९३७ साली जलाशय भरत असतानाच्या काळानंतरची सर्वांत कमी, आणि बहुतेक उतरंडी पाण्यापर्यंत पोचेनाशा झाल्या.

दिवसभरासाठी उतरत असाल तर परत येतानाची पातळी मोजा, जातानाची नव्हे. सकाळी उतरंडीच्या शेवटाला मीटरभर पाणी आणि दिवसात ८० सेंटिमीटर उतार अपेक्षित असेल तर संध्याकाळी होडी चिखलातून ओढावी लागेल.

पाण्यात झाडांचे शेंडे दिसतात. त्यांतून जाता येईल का?

हळू गेलात तर. दिसणारे शेंडे तितकेसे वाईट नसतात, पाण्याखाली हातभर राहिलेले होडी फोडतात. झाडं कायम पाण्याखाली राहिली तर प्राणवायूच्या अभावी दशकानुदशकं कुजत नाहीत. झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवरचं करिबा धरण १९५९ मध्ये पूर्ण झालं. त्या जलाशयात बुडालेली झाडं आजही उभी आहेत. पातळी उतरत असताना रोज नवे शेंडे वर येतात, म्हणून जुनी जीपीएस वाट ग्राह्य धरू नका. मूळ नदीच्या पात्रावरून, म्हणजे दरीच्या मध्यावरून चाला. तिथे झाडं सर्वांत खोल असतात. कयाकवाल्यांनी झाडांमध्ये वाहतं पाणी असेल तर आत शिरूच नये: पाणी फांद्यांतून निघून जातं, माणूस अडकतो.

सकाळी पाणी काचेसारखं असतं आणि दुपारी लाटा. का?

दरीचे उतार उन्हाने तापले की वारा दरीतून वर चढू लागतो, रात्री उलटा उतरतो. जलाशय लांब आणि अरुंद असल्याने वाऱ्याला दौड मिळते. सेकंदाला दहा मीटर वारा दहा किलोमीटर मोकळ्या पाण्यावरून आला तर सुमारे अर्धा मीटर उंचीच्या लाटा उठतात, त्याही आखूड आणि चढ्या. कयाक आणि फळीवर उभं राहून वल्हवणाऱ्यांसाठी हे पुरेसं धोक्याचं आहे. म्हणून सकाळी निघा, आधी वाऱ्याविरुद्ध जा, परतताना वारा पाठीशी ठेवा. मोकळं पाणी आरपार कापण्याऐवजी काठ धरून जा.

राफ्टिंगची वेळ धरणावर कशी ठरते?

कित्येक नद्यांवर धरण आहे म्हणून राफ्टिंग आहे. महाराष्ट्रातल्या कोलाडजवळ कुंडलिका नदीवर तराफे सकाळी निघतात, कारण भिरा वीजगृहात वीज बनवून झालेलं पाणी सकाळी खाली सोडलं जातं. ते ओसरलं की दगड उघडे पडतात. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या ओकोई नदीचं १९९६ च्या ऑलिंपिक कयाक स्पर्धा झालेलं पात्र एरवी जवळजवळ कोरडं असतं, पाणी वळवून वीजगृहाला नेलेलं असतं. ठरलेल्या दिवशीच ते पात्रात सोडतात.

पाण्याबरोबर चालायचं असतं हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. उशिरा निघालात तर ओसरत्या पाण्यात मधेच अडकाल. वाढत्या पाण्याच्या तोंडाशी निघणंही वाईट; लाकूडफाटा, कचरा सगळा त्याच तोंडात असतो. ग्रँड कॅनियनमध्ये अनेक दिवसांच्या सफरी करणारे रात्री तराफे बांधताना उद्याच्या पातळीचा हिशेब करतात, कारण वर दिवसाढवळ्या सोडलेलं पाणी खालच्या मुक्कामावर मध्यरात्री किंवा पहाटे पोचतं. रात्री पाण्यात तरंगणारा तराफा सकाळी वाळूत रुतलेला सापडतो. दोर लांब ठेवा, खुंटी उंचावर ठोका, आणि रात्री एकदा उठून बघा.

धरणाखाली मासे जास्त लागतात, हे खरं का?

बरेचदा खरं. वर जाणारे मासे धरणाशी अडतात, आणि जनित्रातून आलेल्या दमलेल्या लहान माशांवर मोठे जमतात. पण मासे लागतात ते नेमके पाणी वाढतानाच, आणि गळवाला त्याच वेळी पात्रात कमरेएवढ्या पाण्यात उभा असतो. उभं राहायचंच असेल तर काठाला लागून, परतीची वाट मागे मोकळी ठेवून. छातीपर्यंतच्या रबरी विजारीला कमरेवर पट्टा बांधा, नाहीतर पडल्यावर ती पाण्याने भरते.

नव्या जलाशयातल्या माशांबद्दल एक इशारा द्यायला हवा. जमीन बुडाली की कुजणाऱ्या पाल्यापाचोळ्यातले जिवाणू मातीतल्या पाऱ्याचं मिथिलमर्क्युरी बनवतात आणि ते शिकारी माशांत साठत जातं. कॅनडातल्या क्विबेक प्रांतात ला ग्रांद प्रकल्पाच्या जलाशयांत हे प्रमाण मूळ पातळीला यायला मांसाहारी माशांत २० ते ३० वर्षं लागली. जलाशय नवा असेल तर मोठे शिकारी मासे रोज खाऊ नका, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तर टाळावेतच.

तंबू कुठे ठोकायचा?

पूर्ण संचय पातळीच्या वर. ती रेषा डोळ्यांनी दिसते: उघड्या, फिकट मातीचा पट्टा संपून जुनी झाडंझुडपं सुरू होतात तिथे. पट्ट्यात उगवलेलं गवत पाहून फसू नका, ते या हंगामातलं असतं. धरणाखाली असाल तर फांद्यांत अडकलेला जुना पालापाचोळा किती उंच आहे ते शोधा आणि त्याच्याही वर जा.

उघड्या पडलेल्या काठावर चालता येतं का?

वरून भेगाळलेला, वाळलेला गाळ दिसतो. खाली तो लोण्यासारखा असू शकतो. काठीने टोचत जा. नद्या जिथे जलाशयाला मिळतात त्या फुगवट्याच्या टोकाला गाळ सर्वांत जाड. रुतलात तर धडपडू नका, पाठीवर रेला, वजन पसरवा आणि एकेक पाय गोल फिरवत सोडवा. पातळी झपाट्याने उतरलेली असेल तर उभ्या मातीच्या काठाखाली किंवा कडेवर बसू नका. मातीत मुरलेलं पाणी मागे राहतं, बाहेरचा आधार निघून जातो, आणि काठ खचतो.

पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा थर आला आहे.

तो बहुधा निळ्या-हिरव्या शैवालाचा. काही जातींचं विष यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर परिणाम करतं. पाण्यात उतरू नका, कुत्र्याला पिऊ देऊ नका; अंग चाटून त्याला विषबाधा होते. उकळून हे विष जात नाही.

एका जलाशयातली होडी दुसऱ्यात नेताना काय करायचं?

घासा, रिकामी करा, वाळवा. २००७ च्या जानेवारीत लेक मीडमध्ये क्वागा शिंपले सापडले, आणि आज ते कोलोरॅडोच्या खालच्या जलाशयांत सर्वदूर आहेत. ते नळांत, जाळ्यांत, इंजिनाच्या थंडाव्याच्या वाटेत थर धरतात. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, तळाशी राहिलेल्या पेलाभर पाण्यातही प्रवास करतात. तळाची बुचं काढा, नांगराचा दोर आणि जॅकेटं पिळून वाळवा, सांदीतला पाला उपटा. गरम, कोरड्या हवेत निदान पाच दिवस, दमट हवेत त्याहून बरेच जास्त. तेवढा वेळ नसेल तर ६० अंशांचं पाणी प्रत्येक भागावर निदान दहा सेकंद.

उदंचन प्रकल्पाच्या तलावात पोहायला का मनाई असते?

कारण तिथे पाणी दोन्ही दिशांना जातं. मागणी कमी असताना खालच्या तलावातून वर चढवतात, मागणी वाढली की तेच खाली सोडतात. वरचा तलाव लहान असेल तर पातळी काही तासांत कित्येक मीटर उतरते, आणि बांधीव उतार शेवाळाने निसरडे असल्याने पडलेल्याला वर येता येत नाही. इथे फक्त काठावरून बघायचं.

हिवाळ्यात जलाशय गोठला तर त्यावर चालावं का?

नैसर्गिक तलावावरचे ठोकताळे इथे लागू नाहीत. स्थिर तलावावर दहा सेंटिमीटर घट्ट, पारदर्शक बर्फ एका माणसाला पेलतो. जलाशयात बर्फाखालचं पाणी उपसलं जातं, बर्फ पोटातून अधांतरी होतो आणि काठाला चिरतो. पाणी घेणारं तोंड, अवजल आणि अरुंद गळे इथे वाहत्या पाण्याने तो खालून झिजत राहतो, वर बर्फ साचलेला असल्याने दिसत नाही. नॉर्वेत अशा कमकुवत बर्फाच्या जागा नकाशांवर दाखवलेल्या असतात. असा नकाशा नसेल तर गोठलेल्या जलविद्युत जलाशयावर न जाणंच योग्य.

धरण स्वतः बघता येतं का? ड्रोन उडवावा का?

कित्येक ठिकाणी येतं. २२१ मीटर उंचीच्या हूवर धरणात पर्यटकांना आत नेतात. स्वित्झर्लंडमध्ये कॉन्ट्रा धरणाच्या माथ्यावरून २२० मीटरची बंजी उडी मारता येते, आणि लुझोने धरणाच्या भिंतीवर गिर्यारोहकांसाठी सुमारे १६५ मीटरची कृत्रिम वाट आहे. मात्र अनेक देशांत धरण संरक्षित क्षेत्र मानलं जातं. फोटो आणि ड्रोनसाठी लेखी परवानगी लागते. फाटकावरच्या पहारेकऱ्याचा तोंडी होकार म्हणजे परवानगी नव्हे.

कुणी पाण्यात वाहून जाऊ लागलं तर?

मागोमाग उडी मारू नका. एकाच्या जागी दोघे जातात. दोर, फांदी, रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते फेका, आणि स्वतः आडवे पडून किंवा झाडाला धरून ओढा. दोर स्वतःच्या अंगाला बांधायचा नाही. वाहणाऱ्याला ओरडून सांगा: पाठीवर हो, पाय पुढे आणि वर ठेव, उभं राहू नकोस. दगडांच्या फटीत पाय अडकला की पाणी माणसाला पालथा पाडतं.

आपत्कालीन क्रमांकावर बोलताना ‘आम्ही अमुक धरणाच्या खाली आहोत’ हे पहिल्या वाक्यात सांगा आणि धरणाच्या नियंत्रण कक्षाला कळवायला लावा. विसर्ग कमी करता येणारा असेल तर तो तिथूनच होतो. विसर्ग थांबल्यावरही पात्रातलं पाणी ओसरायला वेळ लागतो, म्हणून खडकावर अडकलेल्यांना हलू नका असं सांगत राहा. पाण्यातून काढलेला माणूस श्वास घेत नसेल तर आधी पाच वेळा तोंडाने श्वास द्या, मग छाती दाबायला सुरुवात करा. शुद्धीत असला आणि ‘बरा आहे’ म्हणाला तरी ओले कपडे काढा, कोरड्यात गुंडाळा, चालवू नका, आणि खोकला किंवा धाप असेल तर दवाखान्यात न्या.